सहाही जणांनी किकचंच विचारलं: इलेक्ट्रॉनिक म्युझिकमध्ये तयारी वाढली की भाव कमी होतो का?

ऑक्टापॅडवाला | रवि, रात्री ११:५०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसतं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, लांबलाय थोडा.

मी मूळचा साताऱ्याकडचा. १९९९ ते २०११ ऑर्केस्ट्रात ऑक्टापॅड वाजवला, गणपती, नवरात्र, जत्रा, हळदी, सगळं. आता पुण्यात नोकरी आहे आणि रात्री जेवणं झाली की हेडफोन लावून एबलटन या सॉफ्टवेअरवर ट्रॅक बनवत बसतो. गेले सात महिने एकच ट्रॅक चालू होता. मारवा रागावर आहे, १२० बीपीएम (मिनिटाला १२० ठोके), सा पांढरी पाच, म्हणजे हार्मोनियमची पाचवी पांढरी पट्टी. मारवा का, तर आमच्याकडे कार्यक्रमाच्या दिवशी स्टेज लावून झालं की दीड-दोन तास काहीच काम नसायचं, ऊन उतरलेलं, खुर्च्या मांडलेल्या आणि समोर माणूस एकही नाही, त्या वेळी पोटात जे व्हायचं ते मला पकडायचं होतं. पुढे कधीतरी रेडिओवर मारवा लागला आणि कळलं की हेच ते.

तर ट्रॅक झाला. ५२ चॅनेल. एकट्या किकवर, म्हणजे खालच्या ढम्म ठोक्यावर, तीन आठवडे घालवले. काल मित्राच्या घरी सहा जणांना ऐकवला, सगळे बनवणारेच. संपल्यावर पहिला म्हणाला किक कुठली रे? दुसऱ्याने किकवरचा कॉम्प्रेसर (आवाज दाबून एकसारखा करणारं साधन) विचारला. तिसऱ्याने सरळ व्हॉट्सॅपवर मागितली. सहाच्या सहा जण किकवर. एकानेही संध्याकाळ म्हटलं नाही, उदास म्हटलं नाही, कंटाळा आला असंसुद्धा म्हटलं नाही. मला फार लागलं ते.

कारण ऑक्टापॅड म्हणजे तरी काय, रबराचे आठ चौकोन. त्यात ढोलकी, ताशा, संबळ भरलेला. तेपण इलेक्ट्रॉनिकच ना? पण त्यावर लोक उठून नाचताना मी पाहिलेत आणि एकदा गोंधळाचं गाणं चालू असताना माझ्या संबळाच्या पॅचवर एका आज्जींच्या अंगात आलेलं पाहिलंय. तेव्हा मला कॉम्प्रेसर म्हणजे काय तेसुद्धा माहीत नव्हतं. आता सगळं माहीत आहे आणि कुणाला काही होत नाही.

म्हणून विचारतोय. तयारी वाढत गेली तसतसा भाव गेला का? की कॉम्प्युटरवर बनवलं की हे होणारच?

मंद्रसप्तक | सोम, सकाळी ७:१५

प्रश्न मनापासून विचारलाय म्हणून मनापासून उत्तर देते. मी दादरला गाणं शिकवते, ३० वर्षं झाली. आमच्याकडे हा वाद रोजचा आहे. मुलं चौगुणीत ताना घेतात, सरगम धडाधड म्हणतात, आणि बाहेर पडल्यावर एकही जागा आठवत नाही. आम्ही म्हणतो, गळा तयार आहे, गाणं अजून यायचंय.

पण तुमच्या माध्यमाबद्दल विचाराल तर मला वाटतं अडचण मुळातच आहे. यंत्राला श्वास नाही. गाणाऱ्याचा श्वास संपत येतो तेव्हा स्वर थोडा बारीक होतो, थोडा घाई करतो, आणि ऐकणारा स्वतःचाही श्वास नकळत धरतो. क्षयात कुमार गंधर्वांचं एक फुफ्फुस गेलं, देवासला कितीतरी वर्षं गाणं बंद होतं, आणि परत गायला लागले ते लहान लहान तुकड्यांत, मध्ये जागा सोडत. ती अडचणच त्यांच्या गाण्याचा भाग झाली. कॉम्प्युटरला असली कुठलीच अडचण नाही, तो थकतच नाही, मग त्याच्या आवाजात थकलेल्या माणसाची संध्याकाळ कुठून येणार?

बीटबीट | सोम, सकाळी ९:०२

मी नाशिकचा, १९ वर्षांचा, एफएल स्टुडिओवर बनवतो. ताई तुमच्याशी पूर्ण असहमत. बरियलचा अनट्रू ऐका, २००७ चा अल्बम आहे, लंडनचा माणूस. त्याने तो साउंड फोर्ज या आवाज कापायच्या सॉफ्टवेअरवर बनवला, सिक्वेन्सर (ठोके आखलेल्या चौकटीत मांडणारं साधन) वापरलाच नाही असं त्यानेच मुलाखतीत सांगितलंय, म्हणजे ग्रिड नाही, मेट्रोनोम नाही, वेव्हफॉर्म डोळ्यांनी बघून ड्रम एकेक चिकटवत गेला. मागे पाऊस पडल्यासारखा आणि जुन्या रेकॉर्डसारखा करकर आवाज चालू असतो. रात्रीच्या शेवटच्या बसने घरी येताना ऐकला होता, घसा दाटून आला माझा. मला तर वाटतं तयारी नसलेलीच बरी, दादा तुम्ही ५२ चॅनेलचं सोडा आणि फोनवर काहीतरी बनवा.

जुनीतबकडी | सोम, दुपारी १:३०

धाग्याचा विषय महत्त्वाचा आहे आणि याचं एक उदाहरण आपल्या मुंबईतलंच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रोलंड कंपनीचं टीबी-३०३ नावाचं एक छोटं चंदेरी यंत्र होतं. १९८१ ला आलं. एकट्या गिटारवाल्याला मागे बास वाजवून द्यायला म्हणून बनवलेलं. आवाज खऱ्या बास गिटारसारखा अजिबात नव्हता, त्यात प्रोग्रामिंग किचकट, स्वर वेगळे भरायचे आणि त्यांची लांबी वेगळी, त्यामुळे चाललं नाही, १९८४ पर्यंत बंद झालं. सुमारे १० हजार बनली असतील.

हे यंत्र दोन ठिकाणी दोन तऱ्हेच्या माणसांच्या हातात पडलं. पहिले आपले चरणजीत सिंग. हिंदी सिनेमात वाजवणारे मुरलेले वादक, ऐकून लगेच वाजवणं हा ज्यांचा रोजचा धंदा. त्यांनी १९८२ मध्ये ३०३, टीआर-८०८ ड्रम मशीन आणि ज्युपिटर-८ सिंथ एकत्र जोडून दहा रागांची रेकॉर्ड केली, एचएमव्हीने काढली, नाव सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट. भैरवी, ललित, तोडी, यमन, मालकंस असे राग आहेत. तेव्हा कुणी घेतली नाही. मग २००२ मध्ये एका डच संग्राहकाला दिल्लीतल्या दुकानात सापडली, २०१० ला पुन्हा निघाली आणि जगभर लोक थक्क झाले, की अरे हे तर ॲसिड हाउस (क्लबमधलं नाचायचं संगीत) आहे, पण पाच वर्षं आधीचं!

दुसरी जागा शिकागो. फ्यूचर नावाचा ग्रुप, डीजे पिएर, स्पँकी आणि हर्ब जे. सेकंडहँड ३०३, हातात मॅन्युअल नाही, कसं भरायचं कळेना म्हणून नुसते नॉब पिळत बसले आणि तो किंचाळल्यासारखा ओला आवाज निघाला. ॲसिड ट्रॅक्स, १९८७, जवळजवळ १२ मिनिटं.

एकाकडे रागाची आणि वाद्याची पूर्ण तयारी, दुसऱ्याकडे यंत्र चालू-बंद करण्यापलीकडे काही नाही. आणि खरं सांगू का, दोन्ही ऐकून माझ्या अंगावर काटा येतो, पण वेगवेगळ्या कारणांनी. सिंगसाहेबांचा ललित ऐकताना ३०३ चा स्लाइड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरणं) मींडेच्या इतका जवळ जातो की वाटतं हे यंत्र याचसाठी केलं असावं. शिकागोवाल्यांचं ऐकताना वाटतं कुणीतरी एक दार पहिल्यांदा उघडतंय.

बीटबीट | सोम, दुपारी १:४४

बघा! मॅन्युअल नव्हतं म्हणूनच झालं. तयारी असती तर बास गिटार वाजवत बसले असते.

जुनीतबकडी | सोम, दुपारी २:१०

थांब, इथे घाई होतेय तुझी. नॉब कसेही पिळता येतात, पण पिळता पिळता "हा! हाच ठेवायचा" हे कुणी ओळखलं? पिएर डीजे होता, वर्षानुवर्षं फ्लोअरवर लोक कशावर हलतात ते बघितलेला माणूस. आणि ती टेप त्यांनी म्युझिक बॉक्स क्लबमध्ये तिथला डीजे रॉन हार्डीला दिली, तर सांगतात की पहिल्यांदा लावल्यावर फ्लोअर रिकामा झाला, त्याने त्याच रात्री पुन्हा लावली, पुन्हा लावली, चौथ्यांदा लोक वेडे झाले. चार वेळा लावायची हिंमत कुठून येते? कानातून. यंत्राची तयारी नसेल त्यांची, ऐकण्याची होती, आणि माझ्या मते या संगीतात तीच खरी तयारी आहे. हाताची नंतर.

ऱ्हाईनकाठ | सोम, संध्याकाळी ६:२०

मी ड्युसेलडॉर्फला राहतो, कामावर जाताना स्टेशनजवळची ती गल्ली लागते जिथे क्राफ्टवेर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडचा क्लिंग क्लांग स्टुडिओ होता, त्यामुळे या विषयावर गप्प बसवत नाही.

मला एक गोष्ट खटकतेय. वरचे सगळे प्रतिसाद वाचले तर भाव म्हणजे करुणच असं गृहीत धरलंय. घसा दाटून आला म्हणजे भाव, नाहीतर नुसती कारागिरी. नऊ रस आपणच मोजतो ना? अद्भुत हा रस नाही का? ऑटेकर या इंग्लिश जोडीचं कन्फील्ड (२००१) मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा काहीच हाताला लागलं नाही, ठेका आहे म्हणावं तर सुटतो, मॅक्स नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांनी स्वतःच नियम लिहिलेत आणि ते नियम समोर वाढत जातात. दहाव्यांदा ऐकताना एकदम त्या सगळ्याच्या आत उभा असल्यासारखं झालं. हेमाडपंती देवळात छताकडे बघताना जसं होतं तसं. तिथे दगड घडवणाऱ्याची तयारी काढून घेतली तर भाव उरतो का? नाही उरत. तयारी हाच तिथला भाव आहे.

आणि क्राफ्टवेर्क तर मुद्दाम चेहरा कोरा ठेवून उभे राहायचे. ट्रान्स युरोप एक्सप्रेस १९७७ चा. युद्धानंतरच्या जर्मनीत वाढलेली मुलं युरोपभर फिरणाऱ्या रेल्वेवर गाणं करतायत, आवाज सपाट, रुळांचा ठेका. मला त्यात जे ऐकू येतं ते कुठल्याही आर्त तानेपेक्षा कमी नाही.

मंद्रसप्तक | सोम, रात्री ९:३५

अद्भुताचा मुद्दा मान्य. तो मी विचारात घेतला नव्हता. देवळाचं उदाहरण पटलं.

श्वासाचं मात्र अजून तसंच आहे माझ्या मनात.

फेडरवाली | मंगळ, रात्री १२:२५

स्टुडिओतून आत्ता घरी आले. मी अंधेरीला मिक्सिंग करते, १४ वर्षं. ताई श्वासाबद्दल म्हणाल्या त्यावर यंत्राच्या बाजूने थोडं बोलते, कारण आमच्याकडे तो श्वास मिलिसेकंदात मोजता येतो.

१२० बीपीएमला एक सोळांश, म्हणजे मात्रेचा पाव भाग, १२५ मिलिसेकंदांचा. सगळं बरोबर १२५ वर ठेवलं की सरळ ग्रिड. रॉजर लिनने १९८० मध्ये एलएम-१ ड्रम मशीन काढलं त्यात झोल द्यायची सोय होती, ५० टक्के म्हणजे सरळ, मग ५४, ५८, ६२, ६६, ७०. म्हणजे ५४ ला दर दुसरा ठोका फक्त १० मिलिसेकंद उशिरा येतो. १०! हाय-हॅटवर (ड्रमच्या झांजेवर) करून बघा, बदललंय हे कळणार नाही पण मान हलायला लागेल. हिप-हॉपवाला जे डिला तर एमपीसी या ड्रम मशीनवर क्वांटाइझ (ठोके आपोआप ग्रिडवर बसवणं) बंद करून बोटांनी वाजवायचा, स्नेअर जरा पुढे, किक जरा मागे, आणि ते दारू प्यायल्यासारखं डुलणं मुद्दाम, प्रत्येक ठोक्याला वेगळं. त्याचं एमपीसी ३००० आज वॉशिंग्टनच्या आफ्रिकन अमेरिकन म्युझियममध्ये ठेवलंय. हे यंत्राविरुद्ध जाऊन झालं नाही, यंत्राची प्रत्येक खोड माहीत होती म्हणून झालं.

अजून एक. आय फील लव्ह, १९७७, गायिका डोना समर आणि निर्माता जॉर्जिओ मोरोडर. जगातलं सगळ्यात यंत्रासारखं गाणं म्हणून ओळखतात, मूग सिंथेसायझरवर सगळं. पण किक? मूगमधून धड निघेना म्हणून कीथ फोर्सीने पायाने वाजवलीय. माणूस यंत्राच्या बाजूला बसून तासन्‌तास एकसारखी किक मारतोय आणि वर डोना समरचा आवाज तरंगतोय. मी ते गाणं माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी ऐकवते.

ऑक्टापॅडवाले दादा, तुम्ही बारा वर्षं हाताने वाजवलंत. या ट्रॅकमध्ये हाताने काय वाजवलंय?

ऑक्टापॅडवाला | मंगळ, सकाळी ८:०५

ताई तुमचा प्रश्न वाचून चहा थंड झाला. काहीच नाही. सगळं माउसने काढलंय. व्हेलॉसिटी, म्हणजे ठोक्याचा जोरसुद्धा, एकेक करून.

ऑक्टापॅड माळ्यावर आहे, एसपीडी-२०, गादीच्या खोळीत गुंडाळून ठेवलाय. गावाहून आणला तेव्हापासून उघडला नाही. का उघडला नाही ते माझं मला सांगता येत नाही, बहुतेक मनात असं बसलंय की तो ऑर्केस्ट्रातला आणि हे म्हणजे काहीतरी वरचं.

फेडरवाली | मंगळ, सकाळी ८:२०

त्याला मिडी आउट आहे, कॉम्प्युटरला जोडता येतो. काढा खाली.

हणजुणे | मंगळ, दुपारी ४:००

गोव्यातून लिहितोय. आमच्या हणजुण्याला ऐंशीच्या शेवटी आणि नव्वदच्या काळात पार्ट्या व्हायच्या तेव्हा परदेशी डीजे रेकॉर्ड वापरत नसत, उन्हात तबकडी वाकडी होते, म्हणून डॅट टेपवर (छोट्या डिजिटल कॅसेटवर) वाजवायचे. डॅटवर बीट जुळवता येत नाही, म्हणजे डीजेची जी मुख्य कसरत म्हणतात तीच गायब. मग उरतं काय? कुठलं गाणं कधी लावायचं, पहाटे साडेपाचला समुद्रावर उजेड येताना काय लावायचं. माझे काका शॅक चालवायचे, ते म्हणायचे सकाळचं म्युझिक वेगळं असतं. जुनीतबकडी म्हणतात ते मला पटतं, निवड हीच तयारी.

पण पुढे त्याचाही साचा झाला हेही खरं. तीच बास, तोच फिल्टर वर जाणार, सगळ्यांना माहीत.

जुनीतबकडी | मंगळ, संध्याकाळी ७:१५

हाताचा विषय निघालाच आहे तर दोन माणसं आठवली. क्लारा रॉकमोर लहानपणी व्हायोलिन वाजवायची, हाताच्या दुखण्यामुळे सुटलं, मग थेरेमिनकडे वळली. थेरेमिनला हात लावायचा नसतो, हवेत हात हलवला की स्वर बदलतो, पडदे नाहीत, तार नाही, टेकायला काहीच नाही. तिने हवेतच बोटांच्या जागा पक्क्या केल्या. तयारी नसेल तर हे वाद्य कुत्र्याच्या पिल्लासारखं केकाटतं, आणि तिचं ऐका, कुणी बाई मंद्रात गुणगुणतेय असं वाटेल. दुसरा ग्रीक संगीतकार व्हॅन्गेलिस. नोटेशन वाचता येत नव्हतं त्याला. पण यामाहाचा सीएस-८० नावाचा जवळजवळ १०० किलोचा सिंथ त्याच्याकडे होता, त्यात प्रत्येक पट्टी दाबल्यावर अजून दाबली की फक्त तोच स्वर फुलतो. म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यातही स्वर लावल्यानंतर त्याचं पुढे काय करायचं हे बोटात असू शकतं. ताई, श्वास म्हणता तो हाच नाही का?

आणि हाताने न वाजवताही होतं. १९६३ मध्ये बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये डेलिया डर्बिशरने डॉक्टर हू या टीव्ही मालिकेची, रॉन ग्रेनरने लिहिलेली धून उभी केली ती एकेक स्वर टेपवर घेऊन, कापून, इंचाइंचाने जोडून. केंब्रिजला गणित आणि संगीत शिकलेली बाई. इतक्या हिशेबाने केलेलं काम आणि आजही अंधारात ऐकवत नाही.

मंद्रसप्तक | मंगळ, रात्री १०:१०

रॉकमोर बाईंचं आत्ता ऐकलं. गप्प झाले थोडा वेळ.

ऑक्टापॅडवाले, तुमचा ट्रॅक ऐकायचाय. इथे टाका नाहीतर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. इतकं बोललो आपण आणि ऐकलाच नाही कुणी.

ऑक्टापॅडवाला | मंगळ, रात्री १०:३०

व्यनि केलाय ताई. फेडरवाली ताईंनाही पाठवला.

मंद्रसप्तक | बुध, सकाळी ६:४०

तीनदा ऐकला. पहाटे उठून, शांतपणे.

काम सुंदर आहे, स्वच्छ आहे. पण मला वाटतं मला तुमचं दुखणं सापडलंय आणि ते यंत्रात नाही, मारव्यात आहे.

मारव्यात पंचम नाही. रिषभ कोमल, मध्यम तीव्र, आणि थांबायचं रिषभावर नाहीतर धैवतावर. सा टाळत राहायचं. नि रे ग, म ध, करत सगळीकडे फिरायचं आणि घरी यायचं नाही. त्या न येण्यातच तुमची ती रिकाम्या खुर्च्यांची संध्याकाळ आहे. आणि तुमच्या ट्रॅकमध्ये खालचा बास दर बारच्या समेवर सा वर येऊन बसतो. आणि ती किक, मला त्यातलं तांत्रिक कळत नाही, पण तिलाही सूर आहे ना? मला तिच्यातही सा ऐकू येतोय, खर्जाच्या खालचा.

फेडरवाली | बुध, सकाळी ९:१५

बाप रे. हो. किक ट्यून केलेली आहे, मी ॲनलायझरवर बघितलं, शेपूट, म्हणजे ठोक्यानंतर रेंगाळणारा सूर, बरोबर ४९ हर्ट्झवर आहे, म्हणजे पांढरी पाचचा सा, अतिमंद्रातला. आम्ही सगळे हेच शिकलोय आणि मी स्वतः हेच शिकवते, किक गाण्याच्या की मध्ये ट्यून करा म्हणून. ट्रॅक सहा मिनिटांचा, सेकंदाला दोन किक, ब्रेकडाउन सोडला तरी सहाशेच्या वर वेळा सा.

पण ताई एक शंका, तानपुरासुद्धा सतत सा च देतो की. मग गायकाचा मारवा का बिघडत नाही?

मंद्रसप्तक | बुध, सकाळी ११:५०

शंका अगदी योग्य आहे. तानपुऱ्याचा सा जमिनीसारखा असतो. तो आहे म्हणूनच रिषभ त्याला घासून दुखतो, तो नसता तर मारव्याला अर्थच नाही. पण तानपुरा सम दाखवत नाही, तो कुठेही "आलो" म्हणत नाही, त्याची आस नुसती पसरलेली असते. आणि मारव्याला आम्ही पंचमाची तार बहुतेक निषादावर नाहीतर धैवतावर लावतो. तुमची किक आणि बास मिळून दर ठोक्याला न्यास, म्हणजे मुक्काम, करतायत. वरची धून रिषभावर उभी राहून काहीतरी मागतेय आणि खालून लगेच मिळतंय. मग ऐकणाऱ्याला कशाचीच कमी भासत नाही, म्हणून तो किकचं कौतुक करतो. सहाही जणांचे कान बरोबर होते, ट्रॅकमध्ये घडत होतं ते सगळं किकमध्येच घडत होतं.

ऑक्टापॅडवाला | बुध, दुपारी १२:०५

ऑफिसमध्ये आहे, नीट लिहिता येत नाहीये. तीन आठवडे लावून मी तो सा पक्का केला होता.

ऱ्हाईनकाठ | बुध, दुपारी १:३०

हे फार मोलाचं आहे. म्हणजे कौशल्य कमी-जास्त असण्याचा प्रश्नच नव्हता, एका संगीताचा नियम दुसऱ्यात जसाच्या तसा लावला गेला. टेक्नोमध्ये किक घर असते. इथे घर नकोय.

बीटबीट | बुध, दुपारी २:००

मी तयारी नसलेली बरी म्हटलं होतं ते मागे घेतो. हे कानाला कळायला किती वर्षं लागतात ताई?

मंद्रसप्तक | बुध, रात्री ९:००

मला मारव्यातला सा सोडायला सहा-सात वर्षं लागली. तुला कदाचित कमी लागतील, तू ऐकतोस मनापासून. दादरला आलास तर ये, तानपुरा लावून बसू.

ऑक्टापॅडवाला | रवि, रात्री ११:२०

मंडळी, अपडेट.

गुरुवारी रात्री ऑक्टापॅड खाली काढला. एका पॅडचं रबर थोडं कडक झालंय, बाकी ठीक. मिडी केबल जुन्या बाजारात घेतलेली, तीच चालली. संबळाचा पॅच लावला आणि एका टेकमध्ये सहा मिनिटं वाजवलं, क्वांटाइझ केलं नाही. फेडरवाली ताईंनी बघायला सांगितलं म्हणून बघितलं, माझा डावा हात जवळजवळ सगळीकडे १२ ते १८ मिलिसेकंद उशिरा येतो. बारा वर्षं असाच येत असणार. तो तसाच ठेवलाय.

५२ चॅनेलचे ११ केले. किकची शेपूट कापली, आता नुसता ठोका आहे, सूर जवळजवळ नाही. बास धैवतावरून सुरू होतो आणि कोमल रिषभावर थांबतो, सा ला जात नाही. मागे एक पॅड (सिंथचा लांबवलेला आवाज), तानपुऱ्यासारखा, त्यात सा आहे पण लांब आणि हळू, नि बरोबर. त्याचा फिल्टर माउसने रेघ मारून उघडला होता, तो आता नॉबवर हात ठेवून एकदाच रेकॉर्ड केला, मधे हात घामेजून जरा अडकला ते ऐकू येतं.

नवीन लिंक दोघींना पाठवलीय, बाकी कुणाला हवी असेल तर सांगा.

फेडरवाली | सोम, रात्री १२:४०

किकबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. २:१५ ला पॅड अडकतो तिथे मी मीटर बघायचं सोडून दिलं.

हणजुणे | सोम, सकाळी ६:१०

मला पाठवा. इथे आत्ता उजाडतंय, पण मी संध्याकाळपर्यंत थांबेन.

मंद्रसप्तक | सोम, संध्याकाळी ६:५०

दिवेलागणीला ऐकला, खिडकीत बसून. एकच विचारायचंय. ४:१० ला सा एकदाच येतो, धुनीत, आणि लागतो न लागतो तोच सोडलात. ठरवून?

ऑक्टापॅडवाला | सोम, संध्याकाळी ७:०५

आधी चार मात्रा धरला होता ताई. मग दोन केल्या. मग एक. शेवटी रात्री दोनला काढूनच टाकला होता, पण मग तो अजिबात नसेल तर आपण कशाची वाट बघतोय ते कळेना, म्हणून तेवढा ठेवला.